भिंतीत गाणारी बाधा

काठी गाऊ लागली आणि हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम हात जोडले.

ऐरोलीच्या गावठाणातली ती चार मजली इमारत सुमित्राबाईंची. त्या रविवारी तळमजल्यावरच्या त्यांच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. भावकी होती, भाडेकरू होते, शेजारच्या गल्लीतल्या बायका दारात चपलांच्या ढिगावरच उभ्या होत्या. मधोमध जयप्रकाश महाराज. अंगावर भगवी शाल, मनगटावर चकचकीत घड्याळ आणि हातात लाल कापड गुंडाळलेली काठी. तिला ते नागदंड म्हणत. भिंतीपासून लांब धरला की नागदंड गप्प, भिंतीला लावला की त्यातून 'विंऊ-विंऊ, विंऊ-विंऊ' असा रडका सूर निघे.

"ऐका, ऐका! ती बोलतेय," महाराज म्हणाले. "पूर्वी पिंपळावर बसायची, आता राउटरवर बसते. तारेतून फिरते. कलियुग आहे, माउली, भुतंसुद्धा अपडेट झाली."

"अगो बाय!" दारातल्या एकीने डोळे मिटून घेतले. बाकीच्यांनी मोबाइल वर धरले.

दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी गीतांजली दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होती. ती बेलापूरच्या एका तंत्रनिकेतनात मुलांना नेटवर्किंग शिकवायची. 'मॅडम, जरा खाली याल का?' एवढाच मेसेज सुमित्राबाईंच्या सुनेचा, भाविकाचा आला होता. म्हणून ती आली होती.

भाविका उरणची. लग्न होऊन काही महिनेच झालेले. न्हावा शेवाच्या एका क्लिअरिंग एजंटचं काम ती घरून करायची. बंदरातून कंटेनर सुटायचा तर त्याची कागदपत्रं ऑनलाइन चढवावी लागतात, आणि ती गर्दी नेमकी संध्याकाळची. हॉलच्या एका कोपऱ्यात तिचं टेबल होतं. कंपनीच्या नियमाने तिच्या कॉम्प्युटरला वायफाय चालत नसे, वायरच लागे. ती वायर दारापाशी ठेवलेल्या राउटरपासून भिंतीच्या आतून, देव्हाऱ्यावरून, तिच्या टेबलापर्यंत आली होती.

आणि लग्न झाल्यापासून त्या वायरचं नेट जाऊ लागलं. रोज, संध्याकाळच्या आरतीला. कधी लगेच परत यायचं, कधी झोपायच्या वेळेपर्यंत नाही. बाकीच्यांचे मोबाइल मात्र बिनबोभाट चालू. इंटरनेट कंपनीचा माणूस दोनदा येऊन राउटर बदलून गेला. तो यायचा सकाळी, आणि सकाळी सगळं आलबेल. मग भावकीत कुजबुज सुरू झाली. देवाचं नाव घेतलं की त्रास कोणाला होतो? आणि घरात नवीन कोण आलंय?

माणसाचं डोकं कामाला लागतं ते असं. वायर कोणी उघडून बघितली नाही, सून मात्र सगळ्यांनी उलटीपालटी करून बघितली.

महाराज भिंतीच्या कडेकडेने पुढे निघाले. नागदंड देव्हाऱ्यावर रडला, पुढे रडत गेला आणि टेबलापाशी किंचाळायलाच लागला. तिथे भाविकाला भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसवलं होतं. तिच्या पुढ्यात निखाऱ्यांची पाटी, त्यावर सुक्या मिरच्या. खोकून खोकून तिचा चेहरा लाल झाला होता. सासू तिचे खांदे दाबून उभी होती. नवरा, विपुल, चार हात लांब उभा राहून स्वतःच्या पायांच्या नखांकडे बघत होता. दारात भाविकाची बॅग भरून ठेवलेली होती.

"आज धुरी," महाराजांनी निकाल दिला, "उद्या माहेर. सव्वा वर्ष या उंबरठ्याच्या आत पाऊल नको. नाहीतर या घराचा दिवा विझला म्हणून समजा."

गीतांजलीला शिसारी आली. महाराजांची आलीच, पण हातात मोबाइल धरून एक पोर गुदमरताना शूटिंग करणाऱ्या त्या शिकल्यासवरल्या भाडेकरूंची जास्त आली. ती गर्दीतून पुढे घुसली आणि पायाने पाटी लांब सरकवली. भाविकाने तिचा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं,

"मॅडम, खरंच माझ्यात काही असेल का हो?"

मिरचीच्या धुरापेक्षा हे वाईट होतं. पोरीलाही आता ते पटायला लागलं होतं.

"मॅडम, सोडा ना," विपुल म्हणाला. "घरातला मॅटर आहे. मम्मीला उगाच टेन्शन."

"म्याडम, तुमी शिकलेली मानसा," सुमित्राबाई म्हणाल्या. "पन आमचे घरान कदी असा झाला नव्हता. लगीन झाला नि चालू झाला. मंग आमी काय समजाचा?"

गीतांजलीचे कान त्या सुराकडे लागले होते. विंऊ-विंऊ. हा आवाज ती दर आठवड्याला प्रॅक्टिकलला ऐकत होती. ती तडक वर गेली आणि कॉलेजची किट बॅग घेऊन खाली आली.

बॅगेतून तिने जाड पेनाएवढं एक यंत्र काढलं, बटण दाबलं आणि भिंतीला लावलं. विंऊ-विंऊ! तोच सूर, तेच रडणं. गर्दीत कुणीतरी 'आयला' म्हणालं.

"महाराज, माझ्यातही कोणी आलं का?" तिने ते यंत्र सुमित्राबाईंच्या हातात दिलं. "काकी, तुम्ही लावा बरं."

सुमित्राबाईंनी भीतभीत हात पुढे केला. भिंत त्यांच्याही हातात रडली. त्यांनी यंत्र टाकूनच दिलं असतं, पण गीतांजलीने वरच्यावर धरलं.

"भिंतीतली वायर कुठून कुठे गेली ते शोधायला हे वापरतात. एका टोकाला एक छोटी डबी जोडायची. ती वायरमध्ये हा सूर सोडते. वायरजवळ हे नेलं की सूर ऐकू येतो. महाराजांच्या काठीतही हेच आहे. मग ते सासूच्या हातात आहे की जवळ सून बसली आहे, याने काही फरक पडत नाही. भाविका, तू ऊठ आणि हॉलच्या मध्ये येऊन उभी राहा. आता महाराज, लावा तुमचा नागदंड हिला."

महाराज जागचे हलले नाहीत. "देवाची वस्तू अशी परीक्षेला लावत नाहीत."

"मग माझी लावते." तिने यंत्र भाविकाच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, पाठीवरून फिरवलं. चकार शब्द नाही. रिकाम्या खुर्चीमागच्या भिंतीला लावलं, तर विंऊ-विंऊ.

"आता डबी कुठे आहे ते बघू."

राउटर लाल कापडाखाली होता, वर नारळ. महाराजांचा चेला कुंदन सगळ्यांच्या आधी येऊन 'जागेची शुद्धी' करून गेला होता. तोच आता कापडापुढे आडवा झाला. "हात नका लावू, मॅडम. कोप होईल!"

"होऊ दे माझ्यावर." तिने कापड ओढलं. नारळ गडगडत चपलांत गेला. भिंतीतली वायर राउटरमधून उपसलेली होती आणि तिच्या टोकाला काडेपेटीएवढी डबी लावली होती. गीतांजलीने डबीचं बटण बंद केलं. सगळी भिंत गप्प झाली.

महाराज मुरलेले होते. "ठीक आहे, साधन आहे. डॉक्टरही साधन वापरतो. पण नेट तर आधीपासून जातंय ना? आरतीलाच का जातं? सांगा!"

प्रश्न खोटा नव्हता. गीतांजलीने वायरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला. आतल्या आठ तारांचे आठही हिरवे दिवे ओळीने लागले.

"बघा! यांचंच यंत्र म्हणतं, वायर चांगली आहे!" महाराजांना कंठ फुटला. गर्दी पुन्हा त्यांच्याकडे सरकली, भाविकाची मान खाली गेली. गीतांजली पुन्हा टेस्टरच्या दिव्यांकडे वाकली.

मग ती म्हणाली, "टेस्टर आत्ताचं सांगतो. रुसणारी वायर रुसते तेव्हाच बघायला हवी. काकी, आरती करा. रोज करता तश्शी."

सुमित्राबाई देव्हाऱ्यापुढे गेल्या. वर भिंतीला पितळेची घंटा टांगलेली होती. त्यांनी दोरी ओढली. ठण! दोन दिवे विझले. ठण! परत लागले. ठण! चार विझले.

"घंटा कशावर टांगली आहे?"

विपुलचा चेहरा पांढरा पडला. "खिळा... मीच ठोकलेला. हळदीला. तोरणाच्या लायटिंगसाठी."

"मंग लगीन झाल्यावर मीच त्याला घंटा बांधली," सुमित्राबाई पुटपुटल्या. "म्हटला, आयता खिला हाय."

गीतांजलीने पकडीने खिळा उपसला. चांगला बोटभर लांब, आणि त्याच्या अंगाला तांब्याची किनार लागलेली. तो वायरच्या पोटातच घुसला होता. घंटा हलली की खिळा हलायचा, खिळा हलला की आतल्या तारा एकमेकींना चिकटायच्या आणि नेट जायचं. लग्नापासून जायचं, कारण खिळा लग्नातला होता. आरतीला जायचं, कारण घंटा आरतीला वाजायची. भावकीची दोन्ही निरीक्षणं बरोबर होती, फक्त अक्कल गहाण पडली होती.

कुंदन मागच्या दाराकडे सरकत होता, त्याला दोघांनी धरला. जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव काढताच महाराज शाल सावरत आजारी पडले. गीतांजलीने पोलिसांना फोन लावला. आणि मघाशी भाविकावर रोखलेले तेच मोबाइल आता महाराजांवर वळले. "आपल्याला तर पहिल्यापासून डाउट होता," एक भाडेकरू दुसऱ्याला सांगत होता.

भाविका तोंड धुऊन आली आणि दारातली बॅग उचलली.

"बाय, चुकला माजा," सुमित्राबाई रडायला लागल्या. "कुठं चाललीस?"

"आता कशाला जातेस?" विपुल म्हणाला. "नेट चालू होईल ना. वायर बदलतो उद्या."

"वायर बदला," भाविका म्हणाली. "मी महाराजांनी सांगितलं म्हणून जात नाहीये. मला जायचंय. धुरी देत होते तेव्हा तुम्ही चार हात लांब उभे होतात. न्यायला याल तेव्हा तिथे का उभे होतात ते सांगायला या."

ती गेली. तिला अडवायला तोंड कोणाकडेच नव्हतं.

घरात काही बिघडलं तर आधी बिघडलेली वस्तू बघा, हीच विनंती. केव्हा बिघडतं, त्या वेळी आणखी काय हलतं, काय वाजतं, ते बघा. आणि कोणी भिंतीपाशी उभा राहून माणसाचं नाव घेऊ लागला, तर त्याच्या हातातली काठी एकदा मागून घ्या. देत नसेल, तर पाटीतल्या निखाऱ्यांवर आधी पाणी ओता.