केसांखालचा डावा कान

मी एक कान बोलतोय. डावा. आमच्यात ऐकायचं आम्ही आणि बोलायचं तोंडाने अशी वाटणी आहे, पण माझ्याविषयी इतके लोक इतकं काही बोलून गेलेत, की आज मीच तोंड उघडायचं ठरवलंय.

मला हाडामांसाचा समजू नका. माझा जन्म कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. तिथे एक करडी माती असते. तिला वास नाही, ओल नाही, हाताला तर ती लागतच नाही. काळ्या पाटीवर प्लास्टिकचं पेन फिरवायचं, की पडद्यावरची माती दबते, फुगते, ताणली जाते. चुकलं तर एक बटण दाबून चूक पुसता येते. माणसांना एरवी अशी सोय नसते, म्हणून की काय, हे काम शिकणारी मंडळी दिवसभर तेवढंच बटण बडवत असत.

मला घडवणारी म्हणजे एका स्कूलबस चालवणाऱ्या बाईची लेक. हाडं, स्नायू, कातडीच्या सुरकुत्या यांच्यासकट हुबेहूब माणूस पडद्यावर कसा घडवायचा, हे शिकायला ती एका वर्गात जायची. शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. वर्गाच्या शेवटी घडवायचं डोकं ज्याला सगळ्यांत छान जमेल, त्याला एका मोठ्या स्टुडिओत नोकरी मिळणार होती. लेकीला ती नोकरी हवी होती, आणि हे ती कुणापासून लपवतही नव्हती.

तिची नाकं उत्तम, डोळे उत्तम, मानेचे स्नायू तर असे, की डोकं आता वळून बघेल असं वाटावं. कानाचं मात्र नाव काढायचं नाही. बाहेरची कड आत कुठे वळते, मधली घडी कुठून फुटते, वाटी किती खोल, काही म्हणता काही कळायचं नाही. मग ती काय करायची, प्रत्येक डोक्याला दाट केस लावायची आणि कान झाकून मोकळी व्हायची. ती एकटीच नव्हे, सगळा वर्ग. शेवटी मास्तर वैतागले. म्हणाले, "या वेळी सगळी डोकी टकली. एक केस जरी दिसला तरी घरी पाठवीन!"

सॉफ्टवेअरमध्ये तयार कान मिळतात. लेकीने त्यातला एक उचलून चिकटवला. मास्तर वर्गातून चक्कर मारून आले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. अर्ध्या वर्गाच्या डोक्यांना तोच कान!

"ही सगळी एकाच आईची लेकरं का?" ते म्हणाले. "घरी जा. घरच्या माणसाचा कान बघा, हाताने चाचपा, आणि मगच पेन धरा."

लेकीच्या घरी माणूस एकच, तिची आई. आईचे केस खांद्यापर्यंत, आणि डाव्या बाजूचे कायम पुढे ओढलेले. उकाडा असो, वारा असो, बस चालवताना घामाच्या धारा लागोत, ते केस काही मागे जायचे नाहीत. लहानपणी आई जिन्यावरून पडली आणि कान जरा तसा झाला, एवढंच लेकीला ठाऊक होतं.

"आई, कान दाखव ना."

"उजवा बघ."

"डावा का नको?"

"त्यात काय बघण्यासारखं आहे? नसते उद्योग तुझे."

पण लेक हट्टाला पेटली. आई भांडी घासत होती, दोन्ही हात साबणाने भरलेले. तेवढ्यात लेकीने मागून येऊन केस बाजूला सारले आणि कानाला बोट लावलं. आई दचकली, पण हलली नाही. बोटाला कड लागेना की घडी लागेना. वाटी बुजलेली आणि वर टणक गाठी. लेकीला वर्गात शिकलेलं आठवलं. कान पुन्हा पुन्हा रगडला गेला, की कातडीखाली रक्त साकळतं आणि तसंच घट्ट होऊन बसतं.

"आई, जिन्यावरून पडून असं होत नाही."

आईने नळ बंद केला. "नाही होत. कुस्तीने होतं."

लग्नाआधी आई कुस्ती खेळायची आणि चांगली खेळायची. लग्न ठरल्यावर सासूबाई म्हणाल्या, तेवढा कान झाकून घे, लोक विचारतील. आईने झाकला. पुढे सासूबाई गेल्या, नवराही गेला, केस मात्र होते तिथेच राहिले. हे सगळं मी मागाहून ऐकलं, आणि ऐकण्यात आमचा हात धरणारं कुणी नाही.

त्याच दुपारी मी जन्माला आलो. "जास्त वेळ नाही हं, मला दुपारची फेरी आहे," असं बजावत आई खुर्चीत बसली. लेकीचा डावा हात आईच्या कानावर, उजव्या हातात पेन. बोटाला गाठ लागली, की पडद्यावर गाठ उठे. घासूनपुसून सपाट करणारं एक साधन असतं, त्याची मला फार धास्ती होती, पण लेकीने ते हातातच घेतलं नाही. मी पुरा झाल्यावर तिने डोकं फिरवून आईला दाखवलं. आई बघतच राहिली, आणि मग खो खो हसत सुटली.

झालं होतं असं, की सिमेट्री नावाचं बटण चालूच राहिलं होतं. ते चालू असलं, की एका बाजूला जे कराल ते दुसऱ्या बाजूला आपोआप होतं. उजवीकडेही माझा जुळा भाऊ फुगून बसला होता.

"अगं, दोन्हीकडून रगडलंस की मला!" आई डोळे पुसत म्हणाली. "उजव्या कानाला हात लावायची कुणाची टाप नव्हती."

आईला अशी फुशारकी मारताना लेकीने पहिल्यांदाच ऐकलं. तिने बटण बंद केलं आणि उजवा कान साधा करून टाकला. मी होतो तसाच राहिलो.

मग डोकी दाखवायचा दिवस आला. घरची माणसंही आली होती. आई शेवटच्या रांगेत बसली होती, केस पुन्हा पुढे घेऊन. खरं सांगतो, मला राग आला. मी भिंतीएवढ्या पडद्यावर उघडा, आणि जिच्यामुळे मी झालो ती लपलेली!

स्टुडिओचा माणूस पुढे झाला. "चेहरा फर्स्ट क्लास आहे. डावा कान तेवढा बिघडलाय. सिमेट्री चालू करा, उजवा डावीकडे घ्या. एका क्लिकचं तर काम. मग तुमची जागा पक्की समजा."

एका क्लिकचं काम! अहो, तो माझा जीव आहे. पेन लेकीच्या हातात होतं. मी मनाशी म्हटलं, पुसायचं तर पूस बाई, मी आपणहून सपाट होणार नाही.

"बिघडलेला नाही तो," लेक म्हणाली. "कमावलेला आहे. माझ्या आईचा आहे. ती कुस्ती खेळायची."

"असेल हो. पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? त्याला चूकच वाटणार."

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. आई उठली, थेट पडद्यापाशी आली. तिने सगळ्यांदेखत केस मागे ओढले आणि रबर लावून घट्ट बांधले.

"हा बघा," ती म्हणाली. "आता कळलं?"

त्या माणसाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. आम्हाला जरा सुबक काम लागतं, म्हणाला. ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्याच्या डोक्याचे दोन्ही कान अगदी एकसारखे होते.

लेक घरी येऊन खूप रडली. खोटं कशाला सांगू? आईने तिला रडू दिलं आणि मग म्हणाली, "एक कुस्ती हरलीस. मी कितीतरी हरलेय. उद्या पुन्हा पेन धर."

लेकीने धरलं. आता ती दुसरीकडे अर्ज करते, आणि सगळ्यात आधी मलाच पाठवते, जसा आहे तसा. इतरांना वापरता यावं म्हणून मला तयार कानांत ठेवावं, असं मास्तरांनी सुचवलं होतं. आईने साफ नकार दिला, आणि मीही तिच्याच बाजूचा आहे. मी कुणाच्या डोक्याला चिकटायला जन्मलो नाही. तुम्हाला असा कान हवा असेल, तर ज्याने तो कमावलाय त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि त्याने हो म्हटलं तरच बोट लावा. मला दुरुस्त करायला मात्र येऊ नका. आलात तर गाठ माझ्याशी आहे.

आई आता केस बांधूनच बस चालवते. परवा बसमधल्या एका छोट्या मुलीने तिला विचारलं म्हणे, "काकू, तुमचा कान दुखतो का हो?"

"मला नाही गं दुखत," आई म्हणाली. "कुस्तीत माझ्यासमोर जी होती, तिला विचार."