नाथाजीची वाकळ

आमच्या माण तालुक्यात पिकणार थोडं आणि खाणारी तोंडं फार, म्हणून माझा चुलतभाऊ नाथाजी आणि मी बावीस वर्षांपूर्वी नेपाळात विराटनगरला गेलो. धंदा गलाईचा. सराफांच्या दुकानांतला केर, जुने गालिचे, कारागिरांचे कपडे जाळायचे आणि त्या राखेतून तेजाबानं सोनं काढायचं. या कामात माझा हात बसलेला. राखेत कण शिल्लक ठेवला तर नाव बदलीन, अशी माझी घमेंड होती.

तेजाबाच्या धुरानं नाथाजीची छाती गेली. गावी चल म्हणून मी किती डोकं आपटलं. पण या दिवाळीला जाऊ, पुढच्या दिवाळीला जाऊ, असं करत तो तिथंच गेला. जिवंतपणी आम्हाला सीमेवर कधी कुणी हटकलं नव्हतं, मेल्यावर मात्र कागदावर कागद मागितले. शेवटी मीच तिथं अग्नी दिला. चंद्राबाई वहिनींना नवऱ्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, त्यांचं जे काही असेल ते माझ्या हातात आणून द्या, तेवढाच आधार.

गावी येऊन मी अस्थी, चष्मा, मोबाइल, सगळं ओट्यावर मांडलं. मग खिशातली कागदाची पुडी सोडून मुगाच्या दाण्याएवढा सोन्याचा मणी वहिनींच्या तळहातावर ठेवला. भट्टीशेजारी नाथाजी ज्या वाकळेवर बावीस वर्षं झोपला ती वाकळ आणि कामाचे कपडे मी स्वतः जाळले, स्वतः गाळले, हे छाती फुगवून सांगितलं. धंद्याची रीतच आहे ती. दुसऱ्या कुणी सोनं ठेवून घेतलं असतं.

वहिनी मण्याकडे बघतच राहिल्या.

"वाकळ जाळली, दादासो भावजी?"

"व्हय. त्यातच तर सोनं हुतं."

"माज्या लग्नातल्या लुगड्याची शिवली हुती ती. तिला त्यांचा वास आसंल म्हणून वाट बघत हुते मी."

बावीस वर्षांपूर्वी नेपाळला निघायच्या दिवशी ती वाकळ मीच नाथाजीच्या ट्रंकेत कोंबली होती. मला स्वतःची लाज वाटली.

वहिनींनी तो मणी नाकाशी नेला आणि डोळे मिटून हुंगत राहिल्या. सोन्याला वास नसतो, हे सांगायला माझं तोंड उघडेना.