पेटीला दिलेली दाद

"आई, मान हलवू नका!" राधिका कुजबुजली, पण उशीर झाला होता. टँगोच्या हॉलच्या पलीकडे बसलेले, इथे नेहमी नाचायला येणारे एर्नेस्तोकाका कोटाचं बटण लावून उठलेच.

"अगं, मी त्या पेटीला दाद दिली!" पद्मजाबाई गोंधळल्या. "काय सूर ओढलाय मेल्याने!"

"टँगोत 'नाचायला येता का' असं तोंडाने विचारत नाहीत, आई. लांबूनच नजर भिडवतात. आपण मान हलवली की हो झालं."

बाळंतपणाला म्हणून सासूबाई नागपूरहून अमेरिकेत रेडमंडला आलेल्या. आज बाळाला नवऱ्याकडे, परीक्षितकडे सोपवून राधिका वर्षभराने नाचायला निघाली, आणि "चला ना, नुसतं बघा" म्हणत त्यांनाही घेऊन आली होती.

"'नाही' म्हणून सांगू का त्यांना?"

"सांग बाई. परीक्षितचे बाबा गेल्यापासून माझा हात फक्त डॉक्टरांनी धरलाय, तोही नाडी बघायला." मग त्यांनी खोली ओलांडून येणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "पण चारचौघांत उठून आलाय गं माणूस. तसाच परत पाठवायचा?"

काका समोर येऊन वाकले. आईंना नाच येत नाही, राधिकाने घाईघाईने सांगितलं. ते हसून काहीबाही बोलत राहिले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, सुरुवातीला कोणालाच येत नव्हतं. ब्युनोस आयरेसला घरदार सोडून आलेली माणसं. बायका कमी, म्हणून पुरुषच एकमेकांना धरून शिकायचे. तेव्हा बासरी वाजायची, नाचही उड्या मारत चालायचा. मग जर्मनीहून ही पेटी, बँडोनिऑन, आली आणि टँगो संथ झाला. आता म्हणे नुसतं चाललं तरी पुरे."

"चालायला काय, येतं मला," म्हणून पद्मजाबाई उठल्या.

साडीखाली वॉकिंगचे बूट. पहिल्यांदा त्या अडखळल्या, काकांच्या पायावर पाय पडला, "अगंबाई, सॉरी हं" झालं. मग पावलं जुळली. राधिकाला ती चाल ओळखीची वाटली. ती स्वतः दुपारी मीटिंगमध्ये असताना बाळाला खांद्यावर घेऊन आई अशाच चालायच्या, टाच न वाजवता. त्या चालण्यावर तिची नोकरी टिकली होती, तिला झोप मिळाली होती. घरच्या माणसाला थँक्यू काय म्हणायचं, म्हणून तिने कधी म्हटलंच नव्हतं. तिला समोरचं धूसर दिसू लागलं.

गाणं संपलं. इथल्या रिवाजाप्रमाणे जोड्या जागीच थांबल्या, पुढच्या गाण्यासाठी. आईंना सोडवायला राधिका पुढे झाली.

पद्मजाबाईंनी पदर कमरेला नीट खोचला, चष्मा वर सरकवला आणि उजवा हात स्वतःहून काकांपुढे केला.