टेकचंदकाकांची टिचकी

"आवाज कायले पायजे वं तुले? फोटो टाक, वजन टाक, झालं!" टेकचंदकाका पुन्हा तेच म्हणाले.

मोना हटली नाही. लाखनीत घरी बसून तिने दंतवैद्यापासून मंगल कार्यालयापर्यंत बऱ्याच जणांच्या वेबसाइट केल्या होत्या, पण भंडाऱ्यातल्या काकांच्या दुकानासारखं पितळी भांड्यांचं दुकान पहिलंच. हंडा घेणारा माणूस आधी टिचकी मारतो. तडा असला की आवाज बद्द येतो. मग फोटोखाली एक बटन, दाबलं की टण्ण! कल्पनेवर ती स्वतःच बेहद्द खूश होती.

शिवाय टिचकी म्हणजे टेकचंदच. त्यांनी वाजवून दिलेलं भांडं कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. मग याच माणसाला आवाजाचं एवढं वावडं का? मोनाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला की तिला चैन पडत नसे. काका गिऱ्हाइकात गुंतलेले असताना तिने मोबाइलवर टिचक्या टिपून घेतल्या आणि पुढच्या खेपेला लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

"ऐका काका, तुमचीच टिचकी." तिने बटन दाबलं.

काकांनी मान डोलावली. "वा! एकदम खणखणीत!"

मोनाचं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यात गेलं. लॅपटॉपचा आवाज बंदच होता.

तिचा चेहरा पडला आणि काका काय ते समजले. त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"कोनाले सांगू नको, बेटा. बोलनं तोंडाकडे पाहून समजते. भांडं बोटाले समजते. टिचकी मारली का चांगलं भांडं थरथरते. फुटकं एकबी नाही देल्लं मी. पन लोकायले मालूम झालं तं माह्यावर भरोसा कोन ठेवन? म्हनून तं वेबसाइट करून राहिलो. तिथं कोनी बोलत नाही."

मोनाला गलबलून आलं. आपली चौकशी आपल्यालाच नकोशी झाली. "बटन काढून टाकू, काका?"

काकांनी विचार केला. "नाही. लोकायले पायजे तं राहू दे." मग जरा पुढे झुकले. "पन मले एक सांग. कसा येते तो आवाज?"

मोनाने आवाज पुरता वाढवला आणि बटन दाबलं. दुकानभर टण्ण घुमलं, रस्त्यावरच्या ऑटोवाल्यानेही वळून पाहिलं. ती शब्द शोधत राहिली. काका तिच्या ओठांकडे पाहत थांबले होते.