नवरीच्या मामाची खुर्ची

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मामाचा निरोप आला आणि जिबेकच्या हातातला चहा तसाच राहिला. दोनच वाक्यं होती. 'मी आज फिरायला येणार नाही. उद्या लग्नालाही नाही.' तोक्तोसून मामाला फोनवर एक शब्द लिहायला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं. म्हणजे हे रागाच्या भरात लिहिलेलं नव्हतं, नीट बसून, चष्मा लावून लिहिलेलं होतं.

समोर इसिक-कूल सरोवराचं पाणी लख्ख चमकत होतं आणि काठावरच्या लोकरी नमद्याच्या गोल तंबूंतून नवऱ्या मुलाकडची माणसं डोळे चोळत बाहेर येत होती. काल संध्याकाळी अल्माटीहून आलेले बेचाळीस पाहुणे. लग्न उद्या. आजचा दिवस त्यांना फिरवायचा, आणि त्या दिवसाचा कागद जिबेकने तीन आठवडे खपून केला होता. नऊ चाळीसला मामाच्या गावातल्या दुकानासमोरून मामाला बसमध्ये घ्यायचं. साडेदहाला पाळलेल्या गरुडाची शिकार दाखवणारा गरुडवाला, बाराला लाल मातीच्या दऱ्या, दोनला धबधबा, चारला बोट. बिश्केकच्या ऑफिसात ती परदेशी लोकांच्या सहली आखायची, आणि तिथले जर्मन पाहुणेसुद्धा तिच्या घड्याळाला वचकून असत. आता स्वतःच्या बहिणीचं लग्न होतं. त्यात एक मिनिट इकडचं तिकडे झालेलं तिला खपणार नव्हतं.

याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा भेटायला आलेल्या बायकांतली एक दुसरीला म्हणाली होती, "बिनआईच्या पोरी. आता यांचं लग्नकार्य रीतीने कोण करणार?" जिबेक दाराआड चहाचे पेले विसळत होती. ते वाक्य तेव्हापासून तिच्या कानात घर करून बसलं होतं. मेरिमच्या लग्नात कुणाला तसं म्हणायला जागाच ठेवायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

आणि आता मामाच येणार नव्हता. सासरी निघालेल्या मुलीसाठी आईच्या बाजूने हात उचलून आशीर्वाद द्यायचा तो मामाने. तो नसला तर अल्माटीच्या माणसांना न सांगता कळणार होतं की या पोरीला आईकडचं कुणी उरलेलं नाही.

बाबा तंबूच्या दोऱ्या उगाचच ओढून पाहत होते. तिने त्यांच्यासमोर फोन धरला. त्यांनी दोनदा वाचलं.

"तू त्याला बोलवायला गेली होतीस ना?"

"बोलावणं पाठवलं होतं, बाबा. फोनवर. वेळ, जागा, बसमधल्या खुर्चीचा नंबर, सगळं. एकतीस नंबर. मुद्दाम राबिगा आजींच्या शेजारची दिली, मानाची."

"नंबर," बाबा म्हणाले. "तुझ्या आईच्या भावाला नंबर."

"सगळ्यांनाच नंबर आहेत."

"तेच म्हणतोय मी." ते पुन्हा दोरीकडे वळले.

जिबेकने मामाला पाच वेळा फोन लावला. घंटा वाजत राहायची आणि बंद व्हायची. तेवढ्यात गरुडवाल्याचा आला. "ताई, गरुडाला कालपासून उपाशी ठेवलंय. वेळेवर या. अकरा वाजले की मी खायला घालणार, आणि पोट भरलं की तो जागचा हलत नाही. मग माझ्या नावाने खडे फोडू नका."

बस नऊला निघायची ती नऊ बाराला निघाली. एका काकूंची टोपी हरवली होती आणि ती त्यांच्याच डोक्यावर होती. जिबेक ड्रायव्हरच्या मागच्या खुर्चीत बसली, उठली, माणसं मोजली, बसली, पुन्हा उठून मोजली. जर्दाळूच्या बागा खिडकीतून मागे जात होत्या आणि मागे कुणीतरी डोंब्रा छेडत होतं. तिला ते तुणतुणं डोक्यात गेल्यासारखं वाटत होतं. मामाच्या गावात आता थांबायचं नाही, असं तिने ड्रायव्हर एमिलला हळूच सांगून ठेवलं.

प्रत्येक खुर्चीवर तिने नावाची चिठ्ठी चिकटवली होती. तीच नडली. नवऱ्या मुलाची आजी राबिगा चष्मा कपाळावर चढवून शेजारची रिकामी खुर्ची वाचत होत्या.

"पोरी, इथे 'नवरीचे मामा' असं लिहिलंय. मामा कुठेत?"

"त्यांना बरं नाहीये, आजी," जिबेकच्या तोंडून निघून गेलं. "पाठ धरलीये."

"अरेरे. फार?"

"उठवतसुद्धा नाहीये."

"मग घर कुठे त्यांचं?"

"पुढे आहे, रस्त्यावरच, पण आपल्याला साडेदहाला..."

"रस्त्यावरच आहे?" राबिगा आजींनी काठी दोन पायांच्या मधे रोवली. "आजारी व्याह्याच्या दारावरून गाडी दामटत न्यायची आणि पुढे जाऊन पाखरू बघायचं? अल्माटीला परत जाऊन मी कुठल्या तोंडाने सांगू? थांबव ग बाई गाडी. रोटीचा तुकडा तोंडात घालू, विचारपूस करू, निघू."

मागच्या तीन रांगांनी माना डोलावल्या. डोंब्रा थांबला. जिबेकने एमिलकडे पाहिलं. आरशातून नजरेने जितकं विनवता येतं तितकं विनवलं. पण एमिल त्याच गावचा. त्याला खोटं बोलायचं ऐन वेळी सुचत नसे.

"ते बघा ना, तेच मामा," तो म्हणाला. "छपरावर जर्दाळू उलटतायत."

बेचाळीस माणसं उजव्या बाजूच्या खिडक्यांवर ओणवी झाली. निळ्या फाटकाच्या घरावर, शिडी चढून गेलेला, पाठ न धरलेला एक धडधाकट माणूस फावड्याने जर्दाळू पसरत होता. राबिगा आजींनी चष्मा खाली ओढला, त्याच्याकडे पाहिलं, मग जिबेककडे.

"पाच मिनिटं द्या," जिबेक म्हणाली आणि बस पुरती थांबायच्या आत उतरली.

फाटकाशी ती थबकली. आई गेल्यावरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर ती या अंगणात आलीच नव्हती. ओट्यावर तोच तंदूर, तीच गुळगुळीत पायरी, जिच्यावर बसून आई आणि मामी तासन्‌तास जर्दाळूच्या बिया फोडायच्या. कलीमा मामी दारात आल्या, तिला पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून आत गेल्या.

"मामा, खाली या ना."

"कोण आहे?" मामाने वळूनही पाहिलं नाही. "नंबर सांगा. नंबर सांगितल्याशिवाय हल्ली आमच्यात कुणी कुणाला ओळखत नाही."

"मामा, चुकलं माझं. बसमध्ये माणसं आहेत."

"बसमधल्या माणसांशी माझं भांडण नाही." फावडं सरसर फिरत होतं. "सोमवारी तुझी पांढरी गाडी इथून गेली. मी ओळखली. हिला म्हटलं, जिबेक आली, चहा ठेव. गाडी दुकानापर्यंत गेली, वळली, निघून गेली. मंगळवारी पुन्हा. पुन्हा चहा. बुधवारी मी हिला म्हटलं, नको ठेवूस. हिने ठेवलाच."

"मी रस्त्याला किती वेळ लागतो ते बघत होते. बसचं सगळं मोजून..."

"मग? किती लागतो माझ्या दारावरून जायला?"

तिला आकडा पाठ होता. तो तिने सांगितला नाही. आणि मग, जे तीन वर्षांत बाबांना, मेरिमला, कुणालाच सांगितलं नव्हतं ते ती छपराकडे मान वर करून बोलली. "मी आत आले असते तर मामी रडल्या असत्या. मामी रडल्या असत्या की मी. तुम्ही तर खोकलात तरी आईसारखे खोकता. मी एकदा रडायला बसले असते तर उठले नसते, मामा. मग मेरिमचं लग्न कुणी केलं असतं?"

फावडं थांबलं. मामा काही बोलणार तोच फाटक करकरलं. राबिगा आजी काठी टेकत आत आल्या आणि त्यांच्यामागून, मोकळ्या झालेल्या बसमधून, सगळी अल्माटी.

"सलाम, व्याही," आजी वर पाहून म्हणाल्या. "पाठ कशी आहे?"

मामाने भाचीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. ऐंशीच्या घरातली विहीणबाई अंगणात उभी आणि आपण छपरावर, हे त्याला सोसणारं नव्हतं. तो शिडीच्या दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला, हात सदऱ्याला पुसले आणि दोन्ही हातांनी आजींचा हात धरला.

"सकाळपर्यंत फार होती," तो म्हणाला. "तुमची पावलं लागली, उतरली."

"चांगलं झालं," आजी म्हणाल्या. "आम्ही नुसता तुकडा मोडून निघतो."

नुसता तुकडा मोडून अजून तरी कुणी या काठावरून निघालेलं नाही. कलीमा मामींनी पंगतीचं कापड पसरलं, शेजारच्या दोन घरांतून आणखी दोन आली, रोट्या आल्या, साय आली, जर्दाळूचा मुरंबा आला, चहाच्या पाण्याचा समोवार धुरू लागला. मामा "बसा, बसा" करत अंगणभर फिरत होता, आणि शेजाऱ्याच्या कानाला लागून मेंढी कापायचं काहीतरी बोलताना जिबेकने त्याला पाहिलं. दहा वाजून सव्वीस. तिने कागद उघडला, मिटला. दऱ्या दीड तास पुढे सरकवल्या, धबधबा खोडला, पुन्हा लिहिला.

फोन वाजला. "ताई, अकराला पाच कमी आहेत. काय करू मी याचं? माझ्याकडे बघतोय नुसता."

जिबेकने अंगणाकडे पाहिलं. टोपीवाल्या काकू मामींबरोबर पायरीवर बसून बिया फोडत होत्या. मामी रडत होत्या आणि काकू, कारण माहीत नसताना, त्यांच्याबरोबर रडत होत्या.

"खायला घाला त्याला," ती म्हणाली.

मग तीही जाऊन मामींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. वाटलं होतं तितकं ते लांबलं नाही. बोटवाल्याला चार वाजता येत नसल्याचं कळवायला मात्र ती विसरली, आणि आठवलं तेव्हाही उठली नाही.

पाहुणे हात उचलून दुवा करून पांगू लागले तेव्हा मामा तिच्याजवळ आला. रोटीचा तुकडा मोडून त्याने तिच्या हातावर ठेवला आणि ती तो चावून गिळेपर्यंत समोर उभा राहिला. लहानपणी औषधाच्या वेळी राहायचा तसाच.

"त्या बसमध्ये मी बसणार नाही," तो म्हणाला. "मी आणि तुझी मामी आमच्या आमच्या घोडागाडीने येऊ. जुनी आहे. रमतगमत चालते."

"हो, मामा."

"उद्या लग्न किती वाजताचं आहे?"

जिबेकच्या हातातल्या कागदावर ते ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. तिने त्याकडे पाहिलं नाही.

"तुम्ही आल्यावर," ती म्हणाली.