अवसरीचा पिसांचा डायनासोर

मी एक जुना डायनासोर आहे. घाबरू नका मित्रांनो, मी कागदाच्या लगद्याचा आहे. अवसरी बुद्रुकच्या शाळेत ज्योत्स्नाबाई विज्ञान शिकवत. १९९८ साली त्यांनी मुलांकडून मला घडवून घेतले. रद्दी भिजवली, तारेच्या सांगाड्यावर थापली, वर हिरवा रंग दिला. घोडेगावच्या तालुका प्रदर्शनात आमची शाळा पहिल्यांदाच जाणार होती.

तेवढ्यात बाईंच्या वाचनात एक बातमी आली. चीनमध्ये माझ्यासारख्या एका लहान डायनासोरचा जीवाश्म सापडला होता आणि त्याच्या पाठीवर, शेपटीवर बारीक पिसांची लव उमटलेली होती. बाईंनी ठरवले, मला पिसे लावायची.

पिसे आली गजराबाईंच्या खुराड्यातून. त्यांची मुलगी हिरा आमच्याच शाळेत सातवीत होती. कोंबड्यांच्या पोटाखालची मऊ पिसे देताना गजराबाई म्हणाल्या, "न्या बाई, पण लोकं लई हसत्याल."

मुख्याध्यापक संपत सरांनाही हीच धास्ती होती. त्यांनी पिसे खरवडायला सांगितले. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी नदीचा मऊ गाळ एका परातीत घेतला आणि जाड वाळू दुसऱ्या परातीत. दोन्हींत एकेक पीस दाबून उचलले. वाळूत नुसता खळगा राहिला, गाळात मात्र पिसाची काडी न् काडी उमटली. मग त्यांनी गाळात कोंबडीचा पाय दाबला, तर त्यावरचे खवलेही दाण्यांसारखे उठून दिसले. प्राणी मरून अशा मऊ गाळात झटपट गाडला गेला आणि त्या गाळाचा पुढे दगड झाला, तर कातडी, पिसे कुजली तरी त्यांचा ठसा राहतो, असे त्यांनी समजावले. संपत सर परातीवर वाकले आणि म्हणाले, "न्या मग. पण उत्तरं तुम्ही द्यायची."

प्रदर्शनात लोक खरेच हसले. कुणी मला कोंबडा म्हणाले. परीक्षकांनी दोन्ही पराती पाहिल्या, मान डोलावली, पण पुस्तकातल्या चित्रात पिसे नाहीत यावर ते अडून बसले. काम सुबक आहे, पिसे काढलीत तर नंबराचा विचार करता येईल, असे ते म्हणाले.

बाईंनी मुलांकडे पाहिले. मला घडवले त्यांनी होते, तेव्हा ठरवायचेही त्यांनीच. बक्षीस कुणाला नको असते? शेवटी हिरा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई पिसं. दगडात दिसल्यात ती."

आम्हाला नंबर मिळाला नाही. परतीच्या एसटीत संपत सर खिडकीकडे तोंड करून बसले. कंडक्टरने मला टपावर टाकायला सांगितले, तेव्हा मात्र त्यांनी मला उचलून मांडीवर घेतले.

काही वर्षे मी त्यांच्या ऑफिसात ऐटीत उभा होतो. सर निवृत्त झाले, नवी इमारत झाली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. वाळवीने शेपटी खाल्ली, पिसे झडली. वाईट वाटायचे मित्रांनो, पण पाय रोवून उभा राहिलो.

२००८ साली ज्योत्स्नाबाईंनीच मला बाहेर काढले. त्यांचे केस पांढरे झाले होते. मुलांना घेऊन त्यांनी नवी शेपटी थापली, नवी पिसे आणली. आणि मग पॉलिश पेपर घेऊन त्या माझा हिरवा रंगच घासू लागल्या. मुले हळहळली. बाई म्हणाल्या, "हा रंग कुणी पाहिला होता? आम्ही अंदाजानं दिला होता. आता एका जुन्या पिसाच्या जीवाश्मात रंगाचे कण सापडलेत म्हणे. ह्याच्याही पिसांचा रंग कळेल, तेव्हा देऊ."

त्याला आता वर्ष होईल, तेव्हापासून मी असा बिनरंगी उभा आहे. गळ्यात पाटी आहे, 'रंग अजून माहीत नाही'.

मित्रांनो, मला जपा. धूळ पुसा, वाळवीपासून वाचवा. पण दगडातून नवे काही कळले, तर मला खरवडायलाही कचरू नका. मला मुळीच दुखणार नाही.