लेव्हल बघायला म्हणून

वहिनीनं मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि कौतुकानं हाक मारली, "धाकटे, ये लवकर! तुझा आवाज बघ कुठल्या कुठे पोचलाय!"

धाकटी ओले हात ओढणीला पुसत आली. वय पस्तिशीकडे झुकलं तरी घरात ती धाकटीच होती. गाणं हा तिचा धंदा. जाहिरातीतल्या दोन ओळी, लहान मुलांची गाणी, कुणा मोठ्या गायिकेच्या मागचा कोरस, असलं सगळं ती घरच्या मागच्या खोलीत बसून गायची. खोलीच्या भिंतींना तिनं स्वतः जाड रजया ठोकल्या होत्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. तिचा जुना काळा माईक तिथेच असायचा. जाळीला पोचा आलेला, पण इमानी.

व्हिडिओ दादाचा होता, तिच्या थोरल्या भावाचा. दादा माईक, स्पीकर, हेडफोन यांची तुलना करून व्हिडिओ टाकायचा आणि ते बघणारेही पुष्कळ होते. या वेळी त्यानं गाण्यासाठी घरी कुठला माईक घ्यावा हे सांगितलं होतं. एका बाजूला तिचा काळा, दुसऱ्या बाजूला दुकानातून आलेला नवाकोरा सोनेरी. आवाज धाकटीचा.

आधी सोनेरी माईक वाजला. तिनं मान डोलावली. ती ओळ तिनं उभं राहून, गळा तापवून, चार वेळा गायली होती. चौथ्यांदा झकास लागली होती.

मग काळा वाजला, आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सूर खाली घसरलेला. शेवटचा शब्द अर्धा गिळलेला. ती बाजारातून नुकतीच आली होती त्या दिवशी, तोंडात बिस्कीट होतं, खुर्चीत तिरकी बसून चपलेचा पट्टा सोडत होती. दादा म्हणाला होता, "म्हण गं काहीतरी, नुसती आवाजाची लेव्हल बघतोय." म्हणून ती म्हणाली होती. नंतर त्याच माईकवर तिनं ती ओळ नीटही गायली होती. ती कुठे गेली?

"जुन्या माईकवर आवाज असा मेल्यासारखा येतो," व्हिडिओतला दादा गंभीर चेहऱ्यानं सांगत होता. "दोष गाणाऱ्याचा नाही, माईकचा आहे."

खाली लोकांनी लिहिलं होतं. एकानं कावळ्याचं चित्र टाकलं होतं. दुसऱ्यानं विचारलं होतं, या बाईंना माईक हवाय की मास्तर? त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली होती.

"लोकांना काय, काहीही लिहितात," वहिनी चाचरत म्हणाली. तिनं मोबाईल पालथा घातला. धाकटीनं तो पुन्हा सुलटा केला आणि सगळं शेवटपर्यंत वाचलं.

संध्याकाळी संगीतकाराचा फोन आला. त्याच्यासाठी ती मुलांच्या गाण्यांचा एक अख्खा संच गात होती. निम्मी गाणी झाली होती.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला. "आपलं काम तुम्ही त्या काळ्या माईकवरच करता ना? आमच्या निर्मात्यांनी तो व्हिडिओ पाहिला, तुमचा आवाज ओळखला. त्यांना आता दुसरा आवाज हवाय."

"अहो, पण मी पाठवलेली गाणी तुम्ही ऐकलीत! तुम्हीच छान म्हणालात!"

"मी म्हणालोच. पण त्यांच्या डोक्यात बसलंय ते. माझ्या हातात काही नाही."

रात्रीच्या जेवणाला दादा शीळ घालत आला. धाकटीनं त्याच्यापुढे ताट आदळलं.

"लेव्हल बघायला म्हणून घेतलेली ओळ तू जगाला ऐकवलीस?"

त्याचा घास हातातच राहिला. "अगं, तुझं नाव कुठे घेतलंय? चेहरा तरी दिसतोय का?"

"आवाज आहे ना माझा! मी चेहऱ्यावर पोट भरते का?"

"हे बघ, लोक फरक ऐकायला येतात. फरक नसेल तर कोण कशाला बघेल? सगळेच थोडंफार करतात."

"माझं काम गेलं, दादा."

त्यानं घास ताटात परत ठेवला. आईनं मध्ये तोंड घातलं. "जाऊ दे गं. भाऊ आहे तुझा. मुद्दाम का करेल? घरातली गोष्ट घरात मिटवा."

"घरातली? हजारो लोकांनी ऐकलीय ती घरातली गोष्ट!" धाकटी ओरडली. "दर वेळी मीच मूग गिळून बसायचं का, आई?" आणि न जेवता उठली. मागच्या खोलीचं दार तिनं इतक्या जोरात लावलं की फटीतल्या चिंध्या बाहेर आल्या.

सकाळी तिनं दोन्ही माईक शेजारी शेजारी उभे केले, डोक्याला डोकं लावून. गळा तापवला. मग तीच ओळ एकदाच, दोन्ही माईकांवर एकदम गायली, म्हणजे गाण्यात तसूभरही फरक नको. हेडफोन लावून आलटून पालटून ऐकलं. सोनेरी माईक लखलखीत होता. हळू सुरातला श्वाससुद्धा तो टिपत होता, पण शेजारच्या फ्रिजची घरघरही टिपत होता आणि स, श ही अक्षरं कानाला टोचत होती. काळा जरा दबका, पण उबदार. खोलीतला गोंगाट त्यानं बाहेरच ठेवला होता. सांगण्यासारखं केवढं तरी होतं यात. हे सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या विचारानं तिचा राग आणखी भडकला.

तिनं सोनेरी माईक खोक्यात कोंबला आणि थेट दुकान गाठलं. दुकानदार गिऱ्हाईकाला वायरी दाखवत होता.

"हा घ्या तुमचा माईक! आपला माल खपवायला दुसऱ्याचा गळा कापता?"

गिऱ्हाईक वायर खाली ठेवून दोन पावलं मागे सरलं. दुकानदारानं चष्मा वर केला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "ताई, मी फक्त माईक वापरायला दिला. चांगलं बोल असंसुद्धा म्हटलं नाही. उलट तुलना करून ये म्हटलं, जे असेल ते सांग. खोटेपणा करून मला काय मिळणार? लोक माईक परत आणून माझ्याच डोक्यावर मारतील."

धाकटी माईक तिथेच सोडून घराकडे निघाली. दादाला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाचा दबाव नव्हता. मग का?

दादा मागच्या खोलीतच होता. व्हिडिओ त्यानं काढून टाकला होता म्हणे. तिनं काही न बोलता हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि सकाळचं रेकॉर्डिंग लावलं.

"सांग, हा कुठला माईक?"

"हे काय आता, परीक्षा?"

"सांग म्हणते ना!"

"...सोनेरी."

काळा होता. तिनं बदलला. "आणि हा?"

"हा काळा."

सोनेरी होता. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा विचारलं. तो पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्यानं हेडफोन उतरवून मांडीवर ठेवले.

"मला फरकच ऐकू येत नाही," तो म्हणाला. "दोन्ही सारखेच वाटतात. बरेच दिवस झाले. बँडमध्ये ड्रम वाजवायचो ना, स्पीकरला खेटून. स, श धड कळत नाहीत. पाखरं तर कधीच बंद झाली. तुझी ओळ दोन्हीवर सारखी वाटली, आणि मी घाबरलो. माईकचा फरक ऐकू न येणारा माणूस लोकांना माईक काय सांगणार? मग ती लेव्हलची ओळ घातली. निदान तिच्यातला फरक मला कळत होता."

धाकटीनं त्याच्या मांडीवरचे हेडफोन उचलले. तिला त्याचं वाईट वाटलं, पण राग जागचा हलला नाही.

"मला विचारायचं होतंस! मी याच खोलीत होते. माझे कान होते की! स्वतःचं झाकायला मला बेसूर केलंस?"

"चुकलं."

"चुकलं काय? चपलेचा पट्टा सोडत होते रे मी तेव्हा!" म्हणताना तिचा आवाज फाटला. ती रडली, आणि त्याच्यासमोर रडावं लागलं म्हणून आणखी चिडली.

दुसरा व्हिडिओ त्या आठवड्यात गेला. सुरुवातीला दादानं मान्य केलं की आधीच्या व्हिडिओत त्यानं बहिणीची लेव्हल बघतानाची ओळ वापरली होती. मग एकाच वेळी दोन्ही माईकांवर गायलेली ओळ ऐकवली, आणि कुठला कसा वाटतो ते धाकटीनं स्वतः सांगितलं, स्वतःच्या चेहऱ्यानिशी. तिच्याच अटीवर. कानांचं त्यानं सांगितलं नाही. ते तिनं त्याच्यावर सोडलं. बघणारे आधीच्या मानानं मूठभरच निघाले. संगीतकारानं ऐकून "फार सुंदर" असा निरोप पाठवला. पण मुलांची गाणी एव्हाना दुसरीच कुणी गात होती.

पुढच्या आठवड्यात तीच त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दवाखान्यातल्या बाकावर दोघं मध्ये एक जागा सोडून बसले.

"अजून चिडलीयेस?" त्यानं विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"माहीत नाही. मला विचारू नकोस."

आतून नर्सनं बारीक आवाजात त्याचं नाव पुकारलं. दादा समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिला. धाकटीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग हात लांब करून त्याच्या दंडाला जरा जोरातच ढोसलं.

"ऊठ. तुला बोलावतायत."